श्रद्धा सोडणाऱ्यांचा स्वभाव



धर्मश्रद्धा सोडून दिलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. श्रद्धावान म्हणतात, हा मुळातच हेकट. कुणाचे ऐकायचे नाही, चारचौघांत वेगळे दिसायचे, म्हणून याने देव नाकारला. विरुद्ध बाजूचे म्हणतात, ज्याच्यात विचार करायची हिंमत आहे तो श्रद्धेत राहूच शकत नाही; जे राहिले ते भित्रे तरी, नाहीतर आळशी तरी. ही मते एकमेकांवर धावून जात असली तरी दोघांचे गृहीत एकच आहे. श्रद्धा टिकते की सुटते हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर ठरते, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीत कितपत खरे आहे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. देव आहे की नाही, या वादात मी शिरणार नाही. धर्मांतरही बाजूला ठेवतो; १९५६ साली नागपुरात जो सामूहिक निर्णय झाला त्याची कारणे एकेका माणसाच्या स्वभावात शोधणे हा त्या निर्णयावर अन्याय होईल. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. श्रद्धा सुटण्यात स्वभावाचा वाटा आहे, पण तो आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. आणि स्वभावातला कोणता गुण कामाला यायचा हे भोवतालचा समाज ठरवतो. श्रद्धा सोडायला जिथे मोठी किंमत पडते, तिथे उघडपणे सोडणारे एका विशिष्ट घडणीचे दिसतात. मग आपण किंमत विसरतो आणि घडणीलाच कारण समजून बसतो.

स्वभाव मोजण्यासाठी मानसशास्त्रात गेली काही दशके पाच गुणांची एक चौकट वापरली जाते. नव्या अनुभवांविषयी आणि कल्पनांविषयी मोकळेपणा हा पहिला. दुसरा काटेकोरपणा, म्हणजे शिस्त, जबाबदारीची जाणीव, हाती घेतलेले तडीस नेणे. तिसरी बहिर्मुखता. चौथा मिळतेजुळतेपणा: दुसऱ्याला सांभाळून घेणे, भांडण टाळणे, विश्वास टाकणे. पाचवी भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंतेकडे आणि खिन्नतेकडे असलेला कल. ही चौकट सगळ्या मानवजातीला बसते असे समजू नये. बोलिव्हियाच्या जंगलात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांमध्ये ती तपासली, तेव्हा हे पाच गुण तिथे नीट सुटे झालेच नाहीत. पण शिकलेल्या, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या समाजांत ती बऱ्यापैकी चालते, आणि धर्माविषयीचे बहुतेक संशोधन अशाच समाजांतून आलेले आहे.

बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ व्हासिलिस सारोग्लू यांनी २०१० साली अशा अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. १९ देशांतले ७१ नमुने, एकवीस हजारांहून जास्त माणसे. निष्कर्ष असा, की धार्मिक माणसे सरासरीने थोडी अधिक मिळतीजुळती आणि थोडी अधिक काटेकोर असतात. बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता यांचा धार्मिकतेशी म्हणण्यासारखा संबंध नाही. घाबरट माणूस देवाकडे वळतो हा आपला लाडका सिद्धान्त, पण त्याला इथे आधार मिळत नाही. मोकळेपणाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे: कडव्या, ग्रंथप्रामाण्यवादी धर्माशी त्याचे जमत नाही, पण अंतर्मुख, शोधक अध्यात्माशी त्याचे चांगले जुळते. आता या संबंधांचे बळ पाहा. मिळतेजुळतेपणा आणि धार्मिकता यांचा सहसंबंध ०.२ च्या आसपास येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की माणसामाणसांतल्या धार्मिकतेच्या एकूण फरकापैकी या गुणाने उलगडतो तो जेमतेम चार टक्के. संबंध खोटा नाही, पण एखाद्याचा स्वभाव पाहून त्याची श्रद्धा ओळखायला गेलात तर पदोपदी फसाल.

इथे पहिला आक्षेप येतो. स्वभावामुळे धर्म येतो, की धर्मामुळे स्वभाव घडतो? मंदिरात नाहीतर चर्चमध्ये वाढलेले मूल सौम्य आणि शिस्तीचे होणारच, असे कुणी म्हणेल. याचे थोडे उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका फार जुन्या अभ्यासातून मिळते. लुइस टर्मन यांनी १९२१ साली हुशार मुलांची एक मोठी तुकडी निवडून त्यांचा आयुष्यभर माग ठेवण्याचे काम सुरू केले. त्यातल्या ४९२ मुलांची किशोरवयात पालकांनी आणि शिक्षकांनी केलेली स्वभाववर्णने घेऊन २००३ साली असे पाहिले गेले, की १९ वर्षांनंतर त्यांतले कोण किती धार्मिक होते. काटेकोर मुले पुढे जास्त धार्मिक निघाली. म्हणजे निदान काही अंशी स्वभाव आधी आणि धार्मिकता मागून. मात्र ही मुले ज्या काळात मोठी झाली त्या काळी अमेरिकेत सभ्य, जबाबदार गृहस्थ होणे आणि रविवारी चर्चला जाणे यांत फारसे अंतर नव्हते, हे ध्यानात ठेवावे. काटेकोर मुलाने समाजात जे कर्तव्य म्हणून मांडलेले होते ते केले. समाजाने दुसरे काही मांडले असते तर त्याने तेही तितक्याच निष्ठेने केले असते, अशी माझी अटकळ आहे, आणि पुढचा पुरावा तिला बळ देतो.

आतापर्यंतचे सारे धार्मिक कोण असतो याविषयी झाले. कोण सोडतो, हा प्रश्न वेगळा आहे. धर्म कधी मिळालाच नाही असा माणूस आणि मिळालेला धर्म ज्याने खाली ठेवला असा माणूस, यांची एकत्र मोजणी केली की निष्कर्ष गढूळ होतात. सोडणाऱ्यांवरचे सुरुवातीचे संशोधन मोठे कठोर होते. डेव्हिड कॅप्लोविट्झ आणि फ्रेड शेरो यांनी १९७७ साली अमेरिकन पदवीधरांवर जे पुस्तक लिहिले त्यात आईवडिलांशी बिघडलेले संबंध, मनाची घडी न बसणे, बंडखोरी असा कारणांचा सूर होता. धर्म सोडणे हे जणू घरातल्या भांडणाचे लक्षण. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९७ साली, बॉब आल्टमायर आणि ब्रूस हन्सबर्गर या दोन कॅनेडियन संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी विद्यापीठातल्या हजारो विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या दिल्या आणि त्यांतून अगदी थोडी माणसे वेचून काढली: ज्यांचे बालपण अत्यंत धार्मिक घरांत गेले, आणि तरीही आता ज्यांची श्रद्धा जवळजवळ शून्यावर आली होती. अशी मुळात फार थोडी होती. घरच्या शिकवणीचा जोर एवढा मोठा असतो. जी सापडली त्यांच्या दोघांनी सविस्तर मुलाखती घेतल्या.

या मुलाखती आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबतो. बंडखोर, घरच्यांशी भांडलेली मुले पुढे येतील अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. यांतली बरीचशी आज्ञाधारक, अभ्यासात पुढे असलेली, रविवारच्या शाळेतही शहाणी गणली गेलेली मुले होती. शंका आली तेव्हा त्यांनी ती लगेच मिरवली नाही. धर्मग्रंथ पुन्हा वाचले, पाद्र्यांना विचारले, पालकांना विचारले, प्रार्थना केली. शंका दडपण्याचा प्रयत्न कित्येकांनी केला. नरकाची भीती, आईला काय वाटेल ही भीती, आपण काहीतरी अमंगळ करतो आहोत ही टोचणी, या सगळ्यांतून ती गेली होती. मग सोडले का? संशोधकांचे उत्तर असे, की खरे बोलावे, खोट्याला खरे म्हणू नये, हे याच धर्माने त्यांना लहानपणी मनापासून शिकवले होते, आणि त्यांनी ते मनावर घेतले होते. धर्माने दिलेले मूल्य त्यांनी धर्मालाच लावून पाहिले. टर्मनच्या अभ्यासात जो काटेकोरपणा माणसाला चर्चच्या बाकावर बसवतो, तोच इथे त्याला बाकावरून उठवतो. उलट दिशेने गेलेले, म्हणजे धर्म नसलेल्या घरांत वाढून पुढे धार्मिक झालेले तरुणही या दोघांना भेटले. त्यांच्या वाटचालीत वैचारिक शोध कमी आणि संकट, एकटेपणा, जवळच्या मित्रांचा आधार यांचा भाग जास्त होता. विवेकवादी मित्रांना हे ऐकून आनंद झाला असेल. तो त्यांनी जरा राखून ठेवावा.

कारण एका देशात दिसलेले चित्र दुसऱ्या देशात तसेच दिसत नाही. हाइन्झ श्ट्राइब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या श्रद्धा सोडणाऱ्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. दोन्हीकडे एक गोष्ट समान निघाली: सोडणारे नव्या अनुभवांना अधिक मोकळे होते आणि अधिकारशाहीकडे त्यांचा कल कमी होता. त्यापुढे मात्र वाटा फुटल्या. अमेरिकेत सोडणाऱ्यांमध्ये स्वायत्तता आणि व्यक्तिगत वाढीची भावना जास्त आढळली, तर जर्मनीत मानसिक ओढाताणीची, संकटाची चिन्हे अधिक दिसली. स्वभाव हेच कारण असते तर देशाची सीमा ओलांडल्यावर त्याने एवढे रूप पालटायला नको होते.

हे आकड्यांतले बोलणे झाले. एखाद्या घरात शिरून पाहिले तर प्रकरण जास्त स्पष्ट होते, आणि त्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या न्यूमन घराण्याइतके चांगले घर मला ठाऊक नाही. वडील बँकेच्या धंद्यात. १८१६ साली बँक बुडाली. घरात तीन मुलगे. थोरला जॉन हेन्री, मधला चार्ल्स, धाकटा फ्रान्सिस. तिघांचे आईवडील तेच, बायबल तेच, घरावर कोसळलेली आपत्तीही तीच. जॉन हेन्री ऑक्सफर्डमधल्या इंग्रजी चर्चचा सर्वांत प्रभावी उपदेशक झाला, १८४५ साली त्याने ते चर्च सोडून रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला आणि १८७९ साली तो कार्डिनल झाला. फ्रान्सिस ऑक्सफर्डचा अत्यंत हुशार विद्यार्थी, बॅलिओल कॉलेजचा फेलो. पदव्युत्तर पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे. मनाला पटत नसताना ती सही करणार नाही म्हणून १८३० साली त्याने फेलोशिप सोडली आणि एका मिशनरी मंडळीबरोबर थेट बगदाद गाठले. परतल्यावर एकेक सिद्धान्त गळत गेला आणि १८५० साली आपल्या श्रद्धेचे टप्पे सांगणारे पुस्तक लिहून त्याने रूढ ख्रिस्ती धर्माचा निरोप घेतला. एक निराकार ईश्वर तेवढा ठेवला. मधला चार्ल्स नास्तिक झाला, रॉबर्ट ओवेनच्या विचारांच्या मागे गेला, नोकरीत कुठे टिकला नाही, आणि वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टेन्बी गावात भावांच्या पैशावर एकटा राहिला.

धर्म सोडणारे विक्षिप्त असतात असे ज्याला सिद्ध करायचे आहे तो चार्ल्सकडे बोट दाखवील. पण थोरल्या आणि धाकट्याकडे पाहा. पटत नाही तिथे सही न करणे, त्यासाठी ऑक्सफर्डमधले मानाचे स्थान सोडणे, मित्र गमावणे, हे दोघांनीही केले. फ्रान्सिसने १८३० मध्ये, जॉन हेन्रीने १८४५ मध्ये. सदसद्विवेकाचा इतका काच लावून घेणारी दोन माणसे एका घरात सापडणे कठीण. एक रोमला पोचला, दुसरा जवळजवळ सगळा धर्म मागे टाकून बसला. गुण तोच; दिशा त्या गुणात नव्हती. आपल्याकडची जोडी तुमच्या मनात एव्हाना आली असेलच. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ च्या जुलैमधले, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. डेक्कन कॉलेजात एकत्र, मिल आणि स्पेन्सर दोघांच्याही वाचनातले, सरकारी नोकरीवर पाणी सोडण्याचा निश्चय दोघांचा, कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस दोघे बरोबर. हट्ट, शिस्त, निःस्पृहता यांत डावे-उजवे करणे अवघड. त्यांतले एक 'गीतारहस्या'पर्यंत गेले आणि दुसऱ्यांनी 'सुधारक'मधून धर्माच्या अधिकारालाच हात घातला. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या पुण्याला ते हेकेखोर वाटले असतील. पण टिळकही काही कमी हेकेखोर नव्हते. त्यांचा हेका बहुसंख्यांच्या बाजूला पडला म्हणून तो करारीपणा ठरला.

आता विवेकवादी बाजूचा दावा. स्वभाव सोडा, ते म्हणतील, खरा फरक विचारशक्तीचा आहे. बुद्धिमत्तेच्या चाचण्या आणि धार्मिकता यांच्यावरच्या ६३ अभ्यासांचा २०१३ साली एकत्रित विचार झाला आणि दोहोंत उणा संबंध निघाला, हे खरे आहे. पण ते बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य, त्यातही अमेरिकन. आणि तो संबंधही माफकच. या क्षेत्रात घाई कशी अंगलट येते याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. २०१२ साली 'सायन्स' या मान्यवर नियतकालिकात विल जर्वेस आणि आरा नोरेनझायन यांचा एक लेख आला. त्यातल्या एका प्रयोगात ५७ कॅनेडियन विद्यार्थ्यांपैकी काहींना रोदँचा 'विचारवंत' हा पुतळा चित्रात दाखवला, बाकीच्यांना दुसऱ्या एका पुतळ्याचे चित्र दाखवले. विचारवंताचे चित्र पाहिलेल्यांनी देवावरचा विश्वास कमी असल्याचे नोंदवले. हनुवटीवर हात टेकून बसलेल्या ब्राँझच्या माणसाचे चित्र पाहून श्रद्धा डळमळते, ही कल्पना जगभर गाजली. २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी कितीतरी जास्त माणसे घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हाती काहीच लागले नाही. जर्वेस यांनी प्रामाणिकपणे मूळ प्रयोगाचा दुबळेपणा मान्य केला आणि पुढे १३ देशांत विश्लेषक विचारपद्धती आणि अश्रद्धा यांचा संबंध तपासला. तो क्षीण आणि देशागणिक बदलणारा निघाला.

त्याच जर्वेस यांचा २०२१ चा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या प्रातिनिधिक नमुन्यात त्यांनी अश्रद्धेची निरनिराळी कारणे एकाच तराजूत टाकली. विश्लेषक विचार, आयुष्यातली सुरक्षितता, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेण्याची क्षमता, आणि लहानपणी आजूबाजूच्या माणसांनी श्रद्धेपोटी झळ सोसलेली किती पाहिली हे. शेवटचे कारण इतर सर्वांपेक्षा भारी ठरले. पालक देव आहे असे नुसते सांगतात, की त्यासाठी वेळ देतात, पैसा देतात, उपास काढतात, अंग झिजवतात, हे मूल बघत असते. महाराष्ट्रात हे समजायला प्रयोगशाळा नको. आषाढी वारीसाठी अठरा-वीस दिवस पायी पंढरपूरला जाणारा बाप ज्या मुलाने दरवर्षी पाहिला, त्याला विठ्ठलाच्या अस्तित्वाचे प्रमाण वेगळे द्यावे लागत नाही. आणि ज्या घरात देव्हारा आहे पण पूजा कामवाल्या बाईच्या वेळेनुसार उरकली जाते, त्या घरातल्या मुलाची श्रद्धा कुठल्याही पुस्तकाविना पातळ होत जाते. त्या मुलाच्या स्वभावात बंडखोरीचा लवलेश नसला तरी चालते. अशी श्रद्धा सुटतही नाही. ती मुळात धरलेली नसते.

जुळ्यांवरच्या संशोधनाने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली आहे. मिनेसोटातल्या जुळ्या पुरुषांचा लॉरा कोनिग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अभ्यास केला, तेव्हा बालपणीच्या धार्मिकतेतल्या फरकांत अनुवंशाचा वाटा १२ टक्के निघाला आणि प्रौढपणीच्या धार्मिकतेत तो ४४ टक्क्यांपर्यंत चढला. बालपणाविषयीची माहिती आठवणीवर अवलंबून होती, ही त्यातली उणीव. तरी अर्थ लागतो. लहानपणी घरातली सगळी भावंडे एकाच गाडीत बसून चर्चला जातात, स्वभाव विचारतो कोण? घराबाहेर पडल्यावर, जाणे-न जाणे आपल्या हातात आल्यावर, जन्मजात कल डोके वर काढतो. म्हणजे स्वभावाचा वाटा हा काही ठरलेला आकडा नाही. मोकळीक वाढली की तो वाढतो, घटली की घटतो. स्वभाव एखाद्या चाळणीसारखा काम करतो, आणि चाळणीची जाळी किती बारीक विणायची हे समाज ठरवतो. योखेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक देशांतल्या लाखो लोकांची माहिती घेऊन हेच मांडले. मिळतीजुळती आणि काटेकोर माणसे धार्मिक असतात हा नियम धर्मप्रधान देशांत ठळक दिसतो. जिथे बहुसंख्य लोक धर्माकडे फिरकत नाहीत तिथे तो फिका पडतो. मिळतेजुळते माणूस धर्माशी जुळवून घेत नसते; ते शेजाऱ्यापाजाऱ्यांशी जुळवून घेते, आणि शेजारी जे मानतात ते मानू लागते.

हे सूत्र घेऊन भारतातले आकडे वाचू या. २०११ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला, साडेनऊ हजारांहून थोडे जास्त. दुसरीकडे प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये जवळजवळ ३० हजार भारतीय प्रौढांना घरोघरी जाऊन १७ भाषांत विचारले, तेव्हा ९७ टक्क्यांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले. प्रचंड आकडा, पण उरलेल्यांचाही हिशेब करावा. त्यांत उत्तर न देणारे असतील, निरीश्वरवादी बौद्ध असतील. ते सगळे वजा करून शंभरात एकच माणूस देव न मानणारा धरला, तरी भारतातल्या प्रौढांमध्ये त्यांची संख्या नव्वद लाखांच्या घरात जाते. नव्वद लाख कुठे आणि ३३ हजार कुठे!

यावर तुम्ही म्हणाल, जनगणनेतला धर्म म्हणजे जन्माने मिळालेला समाज. तिथे कुणी आपली तत्त्वमीमांसा लिहीत नाही. शिवाय प्रगणकाला उत्तरे देतो कुटुंबप्रमुख. मान्य. माझा मुद्दा हाच आहे. आपल्या घरांत कुणी कुणाला तू देव मानतोस का असे विचारत नाही. सत्यनारायणाला बसणार ना, एवढेच विचारतात. गणपतीत आरतीचे तबक हाती घेतले, वर्षश्राद्धाला हजर राहिले, लग्नात भटजी सांगतील तिथे अक्षता टाकल्या, की मनात काय आहे याची चौकशी संपते. असे राहणे काही ढोंग नव्हे. इंग्रज कादंबरीकार जॉर्ज इलियट, म्हणजे मेरी ॲन इव्हान्स, हिने १८४२ च्या जानेवारीत वडिलांबरोबर चर्चला जायला साफ नकार दिला. घरात काही महिने जे रण माजले त्यात वडील घर मोडायला निघाले. शेवटी मे महिन्यात तिने तडजोड केली: चर्चमध्ये येईन, तिथे बसून काय विचार करायचा ते माझे मी ठरवीन. पुढे बायबलची कठोर चिकित्सा करणाऱ्या डाविड श्ट्राउस यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद याच बाईने केला. महाराष्ट्रात अशा तडजोडीवर चाललेल्या घरांची गणती कोण करणार? पण इथे अश्रद्ध असणे स्वस्त असले, तरी ते बोलून दाखवणे महाग आहे, आणि मिळत्याजुळत्या स्वभावाचा माणूस ती किंमत मोजत नाही. त्याला गरजही वाटत नाही.

मग बोलून कोण दाखवतो? ज्याला आईचे डोळे पाणावले, मामा रुसले, शेजारी तुटले तरी रेटून नेता येते तो. नास्तिक भांडखोर असतात असे आपण म्हणतो, त्यात निरीक्षण खरे आहे आणि अनुमान चुकीचे. भांडायची तयारी असलेलेच नास्तिक आपल्याला दिसतात. बाकीचे आपल्या शेजारी उभे राहून 'सुखकर्ता' म्हणत असतात. जिथे ही किंमत आणखी मोठी, तिथे निवड आणखी कडक. हमीद दलवाईंनी १९६६ साली तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी न करता दहन व्हावे अशी इच्छा ठेवली. एवढी किंमत चुकवायला जो असामान्य कणखरपणा लागला, तो मुसलमान समाजातल्या अश्रद्धेचे कारण होता असे म्हणणे म्हणजे मोर्चाच्या पुढच्या ओळीवरून मागच्या गर्दीचा स्वभाव ठरवणे.

आणखी एक आक्षेप राहतो, आणि तो तत्त्वज्ञांचा आहे. श्रद्धा आणि अश्रद्धा दोन्ही जर समाज, घर आणि जन्मजात कल यांच्या हिशेबात बसतात, तर युक्तिवादांना काय किंमत उरली? उत्तर असे, की एखादे मत माणसाला कसे सुचले यावरून ते खरे की खोटे हे ठरत नाही. पायथागोरसचा सिद्धान्त कुणी छडीच्या भीतीने शिकला म्हणून तो खोटा होत नाही. आस्तिकाला घरच्या संस्काराचा टोमणा मारणाऱ्या नास्तिकाने आणि नास्तिकाला स्वभावाचा टोमणा मारणाऱ्या आस्तिकाने, दोघांनीही हे सारखेच लक्षात ठेवावे. कॅनडातल्या त्या मुलांनी बायबलमधल्या नोआच्या तारवाविषयी जे प्रश्न विचारले त्यांना उत्तर द्यायचे तर तारवाविषयी द्यावे लागेल. मुलांच्या मोकळेपणाचा गुणांक सांगून भागणार नाही.

सोडल्यावरही सगळे सुटत नाही, हेही या हिशेबात धरायला हवे. डॅरिल व्हॅन टाँगरेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, नेदरलँड्स, न्यूझीलंड आणि हाँगकाँग इथे तीन गटांची तुलना केली: आज धार्मिक असलेले, पूर्वी असलेले, आणि कधीच नसलेले. पूर्वी धार्मिक असलेले अनेक बाबतींत मधोमध सापडले. मूल्ये, भावना, वागणे यांत जुन्या धर्माचा अंश शिल्लक राहतो. घरातून निघाल्यावरही घरचे वळण राहते म्हणा. नास्तिक चळवळीचा त्वेष, तिचा उपदेशकी सूर, तिची स्वतःची व्रते यांचे मूळ काहींना नास्तिकांच्या स्वभावात दिसते. मला त्यात सोडलेल्या धर्माचे हे वळण जास्त दिसते.

अश्रद्धा बोलून दाखवायला पडणाऱ्या किमतीचा महाराष्ट्रात एक व्यावहारिक परिणाम झालेला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली तेव्हा नरेंद्र दाभोलकरांनी देवाधर्माला विरोध न करता शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध करण्याची भूमिका घेतली. कडव्या बुद्धिवाद्यांना ती पळवाट वाटली. डॉ. श्रीराम लागूंचे मत तर जाहीर होते, की देवाला आता निवृत्त करावे. या दोघांनी 'विवेकजागराचा वादसंवाद' या नावाने राज्यभर कार्यक्रम केले. एकाच मंचावर लागू देवाला निरोप देण्याची बाजू मांडत आणि दाभोलकर समितीची बाजू मांडत. लागूंचे म्हणणे तर्काला जास्त सरळ आहे, हे मी मान्य करीन. पण लागूंची वाट धरायची तर सभागृहातून घरी गेल्यावर आईशी आणि सासूशी उभा वाद घालावा लागे. दाभोलकरांच्या वाटेने जाणाऱ्याला भूत उतरवणाऱ्या बाबाशी लढायचे होते, घरच्या गणपतीशी नव्हे. मिळत्याजुळत्या स्वभावाची शाळामास्तरीण, तालुक्याच्या गावातला कारकून, कॉलेजातली लाजरी मुलगी यांना समितीच्या शाखेत येता आले ते या दुसऱ्या वाटेमुळे. त्यांच्यापैकी कितीजणांचा देव पुढे आपोआप निवृत्त झाला याची नोंद कुणी ठेवलेली नाही, आणि ती जनगणनेच्या रकान्यात तर मिळणारच नाही.